सोफा कम, बेड जास्त

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चांगलं नाही आणि अक्षर त्याहून वाईट आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ बाईंनी शिकवलं असेल, पण त्या दिवशी मी घरी धाकट्या भावाला सांभाळत असेन. ही वही नातीची. तिचं वर्ष संपलं तरी मागची पानं कोरी होती, ती रद्दीत घालायला माझा हात धजेना. कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. तोंडाने बोलायला गेले की माझं पहिलं वाक्य घशातच अडकतं, आणि दुसरं समोरचा माणूसच बोलून टाकतो. वहीत कोणी मधे बोलत नाही.

लिहायचं आहे ते आमच्या बारक्या खोलीतल्या सोफ्याबद्दल आणि वन्संबद्दल. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय अडुसष्ट. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळ एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. लिफ्ट नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. बालवाडीत मदतनीस होत्या, त्यामुळे अजूनही सगळ्यांशी थोडं मोठ्याने आणि हात हलवून बोलतात.

आम्ही बदलापूरला कुळगावात राहतो. सासऱ्यांच्या नावावरची जागा बिल्डरला द्यायची ठरली तेव्हा वकील म्हणाले, बहिणीची सही लागेल. हक्कसोडपत्र. बापाच्या जागेत माझा हिस्सा आहे तो मी भावाला सोडून देते, असं लिहून द्यायचं. आमच्याकडे बहिणी सही देतात. जी देणार नाही ती पुढे भाऊबिजेला कुठे जाणार, असं कोणी तोंडाने विचारत नाही, पण सगळ्यांना ते ऐकू येतं.

वन्सं रजिस्ट्रारच्या ऑफिसात वेळेच्या आधी येऊन बसल्या होत्या. जरीकाठाची साडी नेसून. सही करताना वकिलांना म्हणाल्या, "नीट दाखवा कुठे करायची. एकदाच करणार मी. नंतर पान हरवलं म्हणाल तर मी पण हरवेन." सगळे हसले. बाहेर आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि पैसे स्वतः दिले. त्या दिवशी जे काही गेलं ते त्यांचंच गेलं, आणि वर रसाचे पैसेही त्यांचेच.

ग्लास हातात असताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, मला हिस्साबिस्सा नको. पाठ टेकायला एक जागा ठेव. आले की आडवी व्हायला. कोणाला न विचारता."

मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं.

पुढे बिल्डरच्या ऑफिसात नकाशा दाखवला. हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम, आणि कोपऱ्यात आठ बाय नऊची एक बारकी खोली. तिथल्या मुलाने बोट ठेवून सांगितलं, ही गेस्ट रूम. वन्सं सोबत होत्या. "गेस्ट म्हणजे पाहुणा ना रे? मग मी आता आधी फोन करून यायचं का?" पुन्हा सगळे हसले. मीही हसले. ते हसू आज मला खुपतं.

ताबा मिळाला त्याच सुमारास वन्संचे गुडघे पार गेले. डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं आणि नंतर दीड महिना तरी जिना चढायचा नाही म्हणाले. आमच्याकडे लिफ्ट होती. त्या येणार हे कोणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. एक दिवस त्या आल्या आणि साबुदाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेले तीस हजार रुपये माझ्या हातात ठेवले. "चांगला पलंग घे. उंच घे, खाली बसलं की मला उठता येत नाही. भावाकडे देऊ नकोस, तो एक मोठा टीव्ही आणेल. तुला देते, तू विसरत नाहीस."

हे खरं आहे. मी विसरत नाही. म्हणूनच हे लिहायला बसले.

आता त्या खोलीचं सांगते. बेडरूममध्ये मुलगा, सून आणि नात. आम्ही दोघं हॉलमध्ये गादी घालून झोपतो, ती आमची सवयच आहे. उरलेलं सगळं त्या बारक्या खोलीत. माझं शिवणाचं मशीन, कपाट, इस्त्रीचं टेबल, नातीचा अभ्यास, पावसात कपडे वाळत घालायचा स्टँड, आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस मुलाचं ऑफिस, कारण त्याची कंपनी घरून काम करायला सांगते. आमचे हे म्हणायचे, "खोली कसली, एस. टी. स्टँड आहे तो. ज्याची गाडी लागेल त्याने बसायचं."

मुलगा मोबाइलवर व्हिडिओ दाखवायचा. भिंतीतून पलंग निघतो, पलंगाच्या पोटातून टेबल, टेबलाच्या पोटातून चार खुर्च्या. आम्ही सगळे डोकी एकत्र करून बघायचो. हे म्हणाले, "आणि माणसं कुठून निघतात?"

भिंतीतल्या पलंगासाठी सुतार बोलावला. त्याने बोटाच्या पेराने भिंत वाजवून पाहिली. "ही भिंत कॅलेंडर पेलेल काकू. पलंग नाही." मग पेटीचा दिवाण बघितला, आत सामान ठेवता येतं तो. तो ठेवला तर मशीन हलवावं लागत होतं. मी हळूच म्हटलं, साधी लोखंडी कॉट घेऊ या, तीन फूट रुंद, उंच पायांची. खाली सामानही सरकवता येईल.

सून म्हणाली, "आई, वॉर्डसारखं दिसेल हो ते. कोणी आलं तर काय म्हणेल?"

सून वाईट नाही. तिचं माहेर तिथेच अंबरनाथला एका खोलीचं. तिला आपल्या घरात एक जागा तरी फोटोत असते तशी हवी होती. मी तिला उत्तर द्यायला हवं होतं, की जी येणार आहे तिला वॉर्डसारखीच कॉट लागणार आहे. वाक्य तयार होतं. घशातच राहिलं.

शेवटी सून आणि मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेलो. जायच्या आधी मी खोली वितीने मोजून घेतली होती. खिडकीपासून मशीनपर्यंत अकरा वीत, आणि भिंतीपासून दारापर्यंत दहा. कागदावर लिहून कागद ब्लाउजमध्ये ठेवला.

दुकान लांबट होतं, आत बोगद्यासारखं जाणारं. दुकानदार म्हातारे सिंधी गृहस्थ, गळ्यात चष्मा लटकलेला. येणाऱ्या बाप्यांना साईं म्हणायचे, सुनेला बेटी आणि मला अम्मा. मी त्यांच्यापेक्षा लहानच असेन.

"छोटी रूम है? मेहमान के लिए? फिर दूसरा कुछ देखो ही मत. सोफा-कम-बेड."

माझी हिंदी भाजीवाल्यांशी बोलून आलेली आहे. भाव कम करो. मिर्ची कम डालो. त्यामुळे मला वाटलं, ही वस्तू म्हणजे सोफा कमी आणि बेड जास्त. बरं वाटलं. वन्संना बेडच हवा होता.

त्यांनी खालचा कप्पा ओढला. खट्‌ आवाज झाला आणि पाठ आडवी पडली. "ये देखो. दिन में पार्टी, रात को आराम."

सून म्हणाली, "अंकल, थोडा कम करो ना."

"बेटी, नाम में ही कम है, और कितना कम करूं?"

दुकानातली सगळी माणसं हसली, आणि माझी समजूत अजून पक्की झाली.

इथपर्यंत मी मूर्ख होते असं म्हणता येईल. मूर्खपणाचं मला एवढं काही वाटत नाही. पण पुढचं मूर्खपणाचं नाही. मी उघडलेल्या बेडवरून हात फिरवला. मधोमध फट होती. माझी बोटं पेरापर्यंत आत गेली. दुकानदारांनी ते बघितलं. "अम्मा, ऊपर गद्दी डालोगे तो पता भी नहीं चलेगा." आणि ओढून काढलेला तो भाग इतका खाली होता की माझ्या नडगीला लागला. वन्सं म्हणाल्या होत्या, उंच घे. मला ते तिथे, त्या क्षणी, आठवलं होतं. आठवलं नाही असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

मग त्यांनी तो पुन्हा मिटवला आणि सून म्हणाली, "आई, बसून तर बघा."

सोफ्यावर मी आयुष्यभर कडेलाच बसले. दुसऱ्यांच्या घरी, पदर सावरून, अर्धी. आमच्या घरी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक ट्रंक. ट्रंकेवर चादर घातली की ते आमचं फर्निचर. हा सोफा मोरपंखी रंगाचा होता, मखमलीचा, एका बाजूने हात फिरवला तर गडद, दुसऱ्या बाजूने फिका. मी बसले. मग मागे टेकले. कोणी बघत नव्हतं. पाठ टेकायला जागा वन्संनी मागितली होती आणि टेकली मी.

सुनेने विचारलं, "घ्यायचा?"

मी मान हलवली.

घरी आणल्यावर कळलं की दुकानात मी सोफा मिटलेलाच मोजला होता. उघडला की तो जवळजवळ मशीनपर्यंत येत होता आणि चालायला एक वीतभर फट उरत होती. दारही पूर्ण उघडेना. मुलगा म्हणाला, "काय रोज उघडायचाय का? लागेल तेव्हा उघडू." मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. दुपारी सगळे गेले की मी त्यावर बसून साड्यांना फॉल लावायची. मशीन बाजूलाच, पण हातशिलाई सोफ्यावर. त्या दिवसांत माझं काम किती छान व्हायचं.

वन्संचा फोन आला. "पलंग घेतलास का गं?"

"घेतला."

"उंच आहे ना?"

"चांगला आहे वन्सं. सोफा कम आहे."

"कसला कम?"

"म्हणजे... पलंगच आहे."

"तू आहेस म्हणून मला काळजी नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ऑपरेशन झालं आणि पाचव्या दिवशी हे आणि मुलगा त्यांना घेऊन आले. हातात चार पायांचा वॉकर. खोलीच्या दारात त्या थांबल्या आणि मोरपंखी सोफ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता बोलतील. त्या म्हणाल्या, "अगंबाई, राजवाडाच की. आणि माझा पलंग?"

मुलाने खट्‌ करून ओढून दाखवला. वन्सं लहान मुलासारख्या हसल्या. "हा तर लपाछपी खेळतोय."

त्यांना झोपवायचं म्हणजे नातीचं दप्तर उचलायचं, इस्त्रीचं टेबल बाहेर काढायचं, स्टँड मिटवायचा, सोफा ओढायचा, गादी घालायची. मग दोघांनी धरून त्यांना खाली बसवायचं, कारण इतक्या खाली त्या आपल्या आपण बसू शकत नव्हत्या. उठवायलाही दोघं. वॉकर बेड आणि मशीनच्या मधे मावत नव्हता, तो दाराबाहेर ठेवायचा. बाथरूमला जायचं म्हटलं की हाक मारायची आणि वाट बघायची. ज्या बाईने आयुष्यभर चाळीस पोरांना बाथरूमला नेलं तिला.

सकाळी सगळं परत मिटवायचं, कारण मुलाचं ऑफिस आणि नातीचा अभ्यास. दवाखान्यात सांगितलं होतं, दुपारी दोन-तीन तास पाय वर करून आडवं पडायचं, नाहीतर सूज येईल. पहिले दोन दिवस दुपारी आम्ही उघडून दिला. तिसऱ्या दिवसापासून वन्सं हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरच बसून राहू लागल्या. मला थट्टेने विचारायच्या, "काय गं, दुकान कधी उघडतंय आज?" मी म्हणायची, उघडू का? त्या म्हणायच्या, "राहू दे, आत्ता कुठे गिऱ्हाईक आहे."

हे एकदा म्हणाले, "ताई, तू नुसतं सांग गं. मी उघडून देतो ना."

"सांगते रे," त्या म्हणाल्या. सांगितलं नाही.

सुनेने आपल्या खोलीतला पलंग देऊ केला, तेही खरं. वन्सं म्हणाल्या, पोरांच्या खोलीत म्हातारीचं काय काम. मी हॉलमध्येच गादीवर आडव्या व्हा म्हणाले, तर जमिनीवर बसायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती.

दहाव्या दिवशी दुपारी मुलाचं काही महत्त्वाचं काम चाललं होतं, खोलीचं दार बंद. आतून त्याचं इंग्रजी ऐकू येत होतं. वन्सं खुर्चीवर, पाय स्टुलावर. त्यांचं पाऊल मी बघितलं. सुजून पावासारखं झालं होतं, घोटा दिसत नव्हता. चेहरा उतरलेला. बसल्या बसल्या मान एका बाजूला कलत होती आणि त्या दचकून सरळ होत होत्या.

मी म्हटलं, "वन्सं, त्याला उठवू का? पडा जरा."

"नको गं. पोटापाण्याचं काम आहे त्याचं. मी काय, पाहुणी आहे."

मी काय पाहुणी आहे, असं आपण एरवी म्हणतो ते कोणी चहाचा फार आग्रह केला की. म्हणजे मी घरचीच आहे, कशाला एवढं करता. तेव्हा आवाज वर जातो, भांडल्यासारखा. वन्संचा आवाज वर गेला नाही. त्या "काय" नंतर थोडं थांबल्या. तेच चार शब्द, आणि अर्थ पार उलटा झाला. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिले. एकदा वाटलं जावं आणि दार वाजवावं. माझंच घर, माझाच मुलगा. नाही वाजवलं. चहा केला.

कोणाला न विचारता, असं त्या रसाच्या दुकानात म्हणाल्या होत्या. मी त्यांच्यासाठी असा पलंग आणला होता की जो विचारल्याशिवाय उघडत नाही.

अकराव्या दिवशी त्या म्हणाल्या, मी जाते. कुंड्यांना पाणी नाही, गॅसचा माणूस येणार आहे, दोन-तीन कारणं सांगितली. हे आणि मुलगा खूप म्हणाले, राहा. मुलाने तर त्या दिवशी सुट्टी टाकतो म्हटलं. मी काहीच म्हणाले नाही, कारण मी तोंड उघडलं असतं तर खरं कारण बाहेर आलं असतं.

रिक्षाने मीच सोबत गेले, हे सामान घेऊन मागून आले. अंबरनाथच्या त्या बिल्डिंगला चौतीस पायऱ्या आहेत. शेजारचे दोघं मदतीला आले. दर पायरीवर दोन्ही पाय टेकवून, थांबून, पुढची पायरी. अर्ध्यावर त्या कठड्याला धरून म्हणाल्या, "डॉक्टरला सांगू नका रे, तो मला परत शाळेत घालेल." घाम गालावरून खाली येत होता.

घरात त्यांची जुनी लोखंडी कॉट होती. पायांखाली दोन-दोन विटा घालून शेजाऱ्यांकडून उंच करून घेतलेली. म्हणजे आमच्याकडे येण्याआधीच त्यांनी ती करून ठेवली होती. त्या कॉटच्या कडेला टेकल्या, एका हाताने पाय उचलून वर घेतला आणि पडल्या. आपल्या आपण. तोंडातून "हां" असा आवाज निघाला. दीड आठवड्यात तो आवाज मी आमच्या घरी ऐकला नव्हता.

मग छताकडे बघत म्हणाल्या, "सोफा छान आहे हो तुमचा. रंग चांगला निवडलास."

तुमचा म्हणाल्या.

सूज उतरेपर्यंतचे दिवस त्यांनी एकटीनेच काढले. शेजारीण डबा द्यायची. मी दर तीन-चार दिवसांनी शेअर रिक्षाने जायची, भाकरी-भाजी घेऊन. घरी आल्यावर सोफ्यावर मला बसवत नसे. फॉल लावायचं काम मी पुन्हा जमिनीवर घेतलं. एकदा स्वयंपाकघरात सुनेला मी विचारलं, त्याला सोफा कम का म्हणतात, सोफा तर जास्तच आहे. तिला कळेना. मग कळलं तेव्हा ती पोळी लाटता लाटता ओट्यावर वाकून हसली. "आई, ते हिंदी कम नाही हो. इंग्रजी आहे. म्हणजे सोफाही आणि बेडही." मीही तिच्याबरोबर हसले. हसता हसता वाटलं, निदान हे तरी वन्संना सांगावं, की मी शब्दाने फसले. मग फट आठवली. शब्दाने मी अर्धीच फसले होते. उरलेली मी स्वतःहून बसले होते.

त्यांचे पैसे परत करायचे ठरवलं. घरात कोणाला सांगितलं नाही. हे म्हणाले असते, बहिणीचे पैसे कसले परत करतेस. फॉल-पिकोचं काम वाढवलं, समोरच्या दोन बिल्डिंगांतल्या साड्या घेऊ लागले.

पण द्यायचे कसे? पहिल्यांदा सरळ द्यायला गेले तर त्यांनी माझी मूठच मिटून धरली. "वेडी आहेस का? राहू देत तिथे. त्या घरात माझं म्हणून काहीतरी आहे, ते एवढंच. ते पण परत देतेस?"

तेव्हाच मी थांबायला हवं होतं. थांबले नाही, कारण माझी झोप उडाली होती आणि मला झोप हवी होती. मी वाट शोधली. लेकीला माहेराहून रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. वन्सं भाऊबिजेला, गणपतीला, सासऱ्यांच्या पित्राला यायच्या. संध्याकाळी परत जायच्या, राहायच्या नाहीत. निघताना मी त्यांच्या पिशवीत खण-नारळ ठेवायची. विधवेची ओटी भरत नाहीत म्हणतात, पण मी ओटीत घालत नव्हते, पिशवीत ठेवत होते. खणाच्या घडीत नोटा. माहेरचं दिलेलं परत करता येत नाही, ते अपशकुनी. त्या अडकल्या.

पहिल्या वेळी त्यांचा फोन आला. "काय गं, खण दिलास की पगार?" दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "या वेळी बोनस पण का?" मग म्हणायच्या बंद झाल्या.

एका गणपतीत, जेवणं झाल्यावर, भांडी घासताना मी त्यांना सांगून टाकलं. मी बादलीत बघत बोलले. त्या पाटावर बसू शकत नव्हत्या म्हणून स्टुलावर बसून ताटं पुसत होत्या. आधी कमचं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की हातातलं ताट निसटलं. "अगं, मग सोफा कम नाही, बेडच कम पडला." मग मी फटीचं सांगितलं. दुकानात माझी बोटं आत गेली होती, उंचीही मला कळली होती.

त्या ताट पुसत राहिल्या. "फट मला पहिल्याच दिवशी कळली, पाठीला. पण तुला तेव्हाच कळली होती?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? तुझ्या तोंडाचंही तू हक्कसोडपत्र करून दिलंयस का?"

"मला सोफा हवा होता," मी म्हटलं. हे वाक्य एकदाचं बाहेर पडलं.

त्यांनी हातातलं ताट मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "एवढंच होतं तर मागायचं होतंस. सोफ्याला दिले असते मी. पलंगाचे वेगळे दिले असते." आणि पुसलेलं ताट पुन्हा पुसलं.

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नोटा जात राहिल्या. दोन दिवाळ्या गेल्या. तोपर्यंत मुलाला रोज ऑफिसला जावं लागू लागलं, सोफा हॉलमध्ये आणला, तो आता कोणी उघडत नाही. त्याचा खालचा कप्पा अडकला आहे आणि त्यात नातीचे जुने कपडे आहेत. बारक्या खोलीत मी आता एक लोखंडी कॉट ठेवली आहे, उंच पायांची. फॉलच्याच पैशांतून, जुन्या बाजारातली. सुनेने त्यावर चांगली चादर घातली. वन्संना दाखवली. त्यांनी तळव्याने दाबून बघितली, "मस्त आहे" म्हणाल्या आणि संध्याकाळची रिक्षा पकडली. डावा गुडघा व्हायचा आहे. त्याचं विचारलं तर म्हणतात, बघू.

शेवटचे दोन हजार राहिले होते. सणाची वाट बघायचा मला धीर राहिला नाही. परवा दुपारी त्यांच्याकडेच गेले. चौतीस पायऱ्या चढून वर गेले तेव्हा मला दम लागला होता, ऊनही फार होतं. खणबिण काही नेला नव्हता. नोटा सरळ हातात दिल्या. या वेळी त्यांनी माझी मूठ मिटली नाही.

"शेवटचे?" त्यांनी विचारलं.

"शेवटचे."

"म्हणजे आता माझं तिथे काही येणं नाही."

मी कॉटचं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात हलवला, बालवाडीतल्यासारखा. "किती तापलीस बघ. पड त्या कॉटवर. मी सरबत करते."

मी नको म्हणाले. त्या म्हणाल्या, "अगं पड. विचारतेस काय?"

मी पडले. विटांवरची ती कॉट माझ्या वजनाने जराशी करकरली आणि गप्प झाली. मधे फट नव्हती. गादीला त्यांच्या पाठीचा खळगा पडला होता आणि मी त्यात बरोबर मावले, ते मला सहन होईना. डोळे मिटून घेतले. कपाटाचं दार वाजलं, डबा उघडला. डोळे किलकिले करून बघितलं, तर त्या आधीच्या नोटा काढून त्यात आजच्या मिसळत होत्या. सगळ्या तशाच ठेवल्या होत्या त्यांनी, एकही खर्च केली नव्हती. बालवाडीत मुलांची डोकी मोजावीत तशा, बोट लावून, हलक्या आवाजात मोजत होत्या. बराच वेळ लागला.

"पुरे तीस आहेत गं," त्या म्हणाल्या.